दोन कोटी त्रिकोण आणि एक छज्जा

मुंबईत किंवा पुण्यात बांधायच्या तीस मजली निवासी इमारतीचे उदाहरण घेऊ. मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे एकूण १२०. फ्लॅटला आठ दारे धरली तर ९६० दारे, आणि प्रत्येक दाराला आतून-बाहेरून एकेक हँडल, म्हणजे १,९२० हँडल. संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये गोलाई दाखवायची तर ती छोट्या सपाट त्रिकोणांनीच घडवावी लागते. एखाद्या नक्षीदार हँडलमध्ये पाच हजार त्रिकोण सहज भरतात. १,९२० गुणिले ५,००० झाले ९६ लाख. आता नळ पाहू. फ्लॅटमागे दहा नळ आणि नळामागे आठ हजार त्रिकोण धरले, तर पुन्हा ९६ लाख. दाराला तीन बिजागऱ्या, बिजागरीला हजार त्रिकोण, की आणखी २८ लाख ८० हजार. बेरीज २ कोटी २० लाख ८० हजार. यात अजून एकही भिंत, स्लॅब किंवा खिडकी मोजलेली नाही.

या इमारतीतली घरे थंड ठेवायला वर्षाकाठी किती वीज लागेल, असा प्रश्न विचारला तर उत्तरात या दोन कोटींहून अधिक त्रिकोणांचा वाटा जवळपास शून्य असतो. खिडकीवरचा छज्जा मात्र मॉडेलमध्ये एक सपाट आयत असतो. त्याचे त्रिकोण होतात दोन. ते दोन त्रिकोण गाळले तर उत्तर चुकते.

आर्किटेक्टने बांधकामासाठी केलेले मॉडेल ऊर्जेच्या हिशेबासाठी सोपे करण्याचे काम नेमके हा फरक ओळखण्याचे आहे. त्यात मूळ मॉडेलची केवळ लहान आवृत्ती काढून भागत नाही. उष्णतेला लागू असलेली दुसरीच इमारत त्यातून वेगळी काढावी लागते.

वर्षाचे ८,७६० तास

ऊर्जेचा हिशेब करणाऱ्या प्रणालींमध्ये ‘एनर्जीप्लस’ ही जगभर वापरली जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पाठबळावर ती तयार झाली, २००१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली आणि ती मोफत मिळते. तिला इमारतीसोबत त्या गावाच्या हवामानाची फाइल द्यावी लागते. वर्षातल्या प्रत्येक तासाचे तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन, अशा ८,७६० ओळी त्या फाइलमध्ये असतात. तासाचे सहा भाग पाडले तर वर्षाच्या ५२,५६० पायऱ्या होतात.

प्रत्येक पायरीवर प्रत्येक पृष्ठभागाची विचारपूस होते. बाहेरून ऊन किती पडले, वाऱ्याने किती उष्णता नेली, भिंतीतून किती आत झिरपली, आतल्या बाजूने खोलीतल्या हवेला किती दिली. इमारतीत ५०० पृष्ठभाग असतील तर वर्षभरात हा ताळेबंद २ कोटी ६२ लाख ८० हजार वेळा मांडला जातो. पृष्ठभाग ५०,००० झाले तर २६२ कोटी ८० लाख वेळा. इथवर वाढ सरळ प्रमाणात आहे आणि आजचा संगणक ती पेलतो.

खरी अडचण जोड्यांची आहे. खोलीतला प्रत्येक पृष्ठभाग समोरच्या प्रत्येक पृष्ठभागाकडे उष्णता फेकत असतो. साध्या खोलीला चार भिंती, जमीन आणि छत असे सहा पृष्ठभाग असतात. त्यांच्या जोड्या होतात १५. त्याच खोलीत फर्निचर, खांबाची गोलाई आणि खिडकीच्या चौकटीचे कोपरे धरून ६०० पृष्ठभाग ठेवले तर जोड्या होतात १,७९,७००. पृष्ठभाग शंभरपट वाढले आणि जोड्या जवळपास बारा हजारपट वाढल्या. सावल्यांचीही अशीच गत आहे. कोणता पृष्ठभाग कोणावर सावली टाकतो हे ठरवायचे तर एकेकाला दुसऱ्या प्रत्येकाशी पडताळून पाहावे लागते. म्हणूनच एनर्जीप्लस नेहमीच्या मांडणीत सावल्यांची भूमिती रोज नव्याने काढत नाही, दर वीस दिवसांनी एकदा काढते. सूर्याची वाट वीस दिवसांत फारशी सरकत नसल्याने उत्तराला फारसा धक्का लागत नाही.

भिंतीची जाडी शून्य

आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये भिंत म्हणजे एक ठोकळा असतो. त्याला जाडी असते, दोन बाजू असतात, प्लास्टर असते. ऊर्जेच्या मॉडेलमध्ये तीच भिंत शून्य जाडीचा सपाट पडदा होते. जाडी भूमितीतून निघून गुणधर्मांच्या यादीत जाते. प्लास्टर इतके मिलिमीटर, वीट इतकी, पुन्हा प्लास्टर, आणि प्रत्येक थराची उष्णतावाहकता, घनता व विशिष्ट उष्णता.

आता हा पडदा ठेवायचा कुठे? आतून आत मोजलेली ३ मीटर बाय ४ मीटरची खोली १२ चौरस मीटरची असते. भिंती २०० मिलिमीटरच्या असतील आणि पडदा भिंतीच्या मध्यावर ठेवला, तर तीच खोली ३.२ बाय ४.२, म्हणजे १३.४४ चौरस मीटरची होते. एक वीटही न हलवता क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी वाढले. दिव्यांची वीज आणि माणसांची संख्या चौरस मीटरमागे मोजली जात असेल, तर तीही १२ टक्क्यांनी फुगते. म्हणून कोणता आकडा कोणत्या क्षेत्रफळावर काढायचा, हे रूपांतर करणाऱ्याला आधीच ठरवावे लागते.

यापेक्षा चमत्कारिक प्रकार स्लॅबचा आहे. एका कार्यालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लांबीत पाच आणि रुंदीत चार अशा वीस खोल्या आहेत. खालच्या मजल्यावर लांबीत चार आणि रुंदीत पाच अशा वीस. मधला स्लॅब एकच, बांधकामाच्या दृष्टीने काँक्रीटचा एक आयत. उष्णतेसाठी मात्र स्लॅबच्या प्रत्येक तुकड्याला वर नेमकी एक आणि खाली नेमकी एक खोली असावी लागते. वरच्या भिंतींच्या रेषा खालच्या भिंतींच्या रेषांवर टेकवल्या की लांबीत आठ पट्टे पडतात, रुंदीतही आठ. एका स्लॅबचे ६४ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा वरच्या खोलीची जमीन आणि खालच्या खोलीचे छत असल्याने पृष्ठभाग होतात १२८. मजले असेच आलटून पालटून येत गेले तर तीस मजल्यांच्या इमारतीत मधल्या २९ स्लॅबचे मिळून ३,७१२ पृष्ठभाग. आर्किटेक्टने काढलेले आयत फक्त २९ होते.

म्हणजे या कामात नुसती गाळणी नाही, कापणीही आहे. हँडलचे लाखो त्रिकोण शून्यावर येतात, आणि त्याच वेळी एका स्लॅबचे शंभराहून अधिक पृष्ठभाग होतात. इमारतींची माहिती एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी आयएफसी नावाची खुली पद्धत आहे. ती २०१३ मध्ये आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकात आली. तिच्यात खोलीच्या सीमांचे दोन स्तर सांगितले आहेत. पहिल्या स्तरात भिंत खोलीच्या बाजूने जशी दिसते तशी अखंड असते. दुसऱ्या स्तरात पलीकडे काय आहे त्यानुसार तिचे तुकडे होतात. ऊर्जेच्या हिशेबाला हा दुसरा स्तर लागतो. केवळ ऊर्जा-विश्लेषणासाठी जीबीएक्सएमएल ही वेगळी पद्धतही आहे. तिची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेत झाली, आणि आज आर्किटेक्टची बहुतेक मोठी सॉफ्टवेअर तिच्यात फाइल काढून देतात.

फाइल निघाली म्हणून काम संपत नाही. कोपऱ्यात दोन भिंतींमध्ये पाच मिलिमीटरची फट राहिली तर साइटवर प्लास्टरच्या एका थापीत ती बुजते. संगणकाच्या लेखी मात्र ती खोली बंदच नसते. तिचे घनफळ काढता येत नाही, हवा कुठे संपते ते ठरत नाही आणि हिशेब अडतो. शेकडो खोल्यांच्या मॉडेलमध्ये अशा फटी शोधून बंद करण्यात दिवसच्या दिवस जातात. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी कोणत्या खोलीत धरायची, ‘एल’ आकाराची खोली दोन आयतांत कुठे तोडायची, वळणदार भिंतीला किती सपाट पट्ट्या पुरतील, हे निर्णय अजूनही बहुतांशी माणूसच घेतो.

काय टाकायचे, काय ठेवायचे

टाकण्याचे नियम उष्णतेच्या शास्त्रातून येतात. दोन शेजारच्या खोल्यांचे तापमान दिवसभर सारखेच राहणार असेल तर मधल्या भिंतीतून उष्णता वाहत नाही. मग दोन्ही खोल्यांचा मिळून एक झोन, म्हणजे हिशेबातली एकच जागा, करता येतो. पण ती भिंत विटांची असेल तर ती दुपारची उष्णता साठवते आणि रात्री सोडते. म्हणून तिची जागा पुसायची आणि वस्तुमान ठेवायचे. भूमितीतून गेलेली भिंत झोनच्या खात्यात विटांचे वजन म्हणून जमा होते.

मजल्याची आतली मांडणी ठरलेली नसेल, तर अमेरिकेतील ‘ॲश्रे ९०.१’ हे मानक एक पद्धत सांगते. बाहेरच्या भिंतीपासून १५ फुटांचा पट्टा वेगळा काढायचा आणि दिशांप्रमाणे तोडायचा, कारण ऊन तिथवर पोहोचते. उरला तो गाभा. चौकोनी मजल्याचे असे पाच झोन होतात. चाळीस मजल्यांचे २०० झाले असते. पण मधले ३८ मजले एकसारखे असतील तर त्यातला एकच मांडून ३८ने गुणता येतो. तळमजला, एक मधला मजला आणि गच्चीखालचा मजला मिळून १५ झोन. दोनशेचे पंधरा झाले, आणि शेजारच्या इमारतींची सावली सगळ्या मजल्यांवर सारखी असेल तर वर्षाच्या विजेचा आकडा फारसा हलत नाही. सावली निम्म्याच मजल्यांवर पडत असेल तर मात्र मधले मजले दोन गटांत तोडावे लागतात.

आता छज्जा. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुवदिनी माध्यान्हीला तिथे सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या १.२ मीटर उंचीच्या खिडकीला पूर्ण सावलीत ठेवायला त्या वेळी फक्त ४१ सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. त्याच दिवशी सूर्याच्या वेळेने सव्वाचारला सूर्य २५ अंशांवर उतरलेला असतो. पश्चिमेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असला तरी सावली केवळ २८ सेंटिमीटर खाली येते, आणि १.२ मीटरच्या खिडकीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उन्हात राहतो. एकच छज्जा दक्षिणेला घर वाचवतो आणि पश्चिमेला हरतो. हे कळायला छज्ज्याची लांबी आणि दिशा मॉडेलमध्ये बरोबर असावी लागते. त्याच्या कडेचा गोलवा किंवा रंगाची पट्टी लागत नाही. समोरची उंच इमारतही याच न्यायाने ठेवावी लागते, पण आतून पोकळ, नुसती सावली टाकणारी पेटी म्हणून.

काही गोष्टी तर भूमितीत सापडतच नाहीत. पश्चिमेला १०० चौरस मीटर काच आहे आणि उतरत्या दुपारी तिच्यावर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन पडते आहे असे धरू. काच उन्हातली ८० टक्के उष्णता आत सोडणारी असेल तर ४८ किलोवॅट आत येतात. २५ टक्के सोडणारी असेल तर १५. फरक ३३ किलोवॅटचा. एसीच्या भाषेत साडेनऊ टनांच्या आसपास, म्हणजे दीड टनाचे सहा एसी. या दोन काचांचे आकार, जाडी आणि त्रिकोण तंतोतंत सारखे असू शकतात. कोट्यवधी त्रिकोणांच्या मॉडेलमध्ये ही माहिती कुठेच नसते, आणि पाचशे पृष्ठभागांच्या मॉडेलमध्ये ती एका दशांश अपूर्णांकात बसते.

एका इमारतीचे ३४८ कोटी प्रश्न

हे सोपे मॉडेल कशासाठी? एकच उत्तर हवे असते तर रात्रभर थांबता आले असते. पण डिझाइन करताना प्रश्नांची रांग लागते. समजा वीस गोष्टी ठरवायच्या आहेत: काच, छज्जा, भिंत, गच्चीचे इन्सुलेशन, इमारतीची दिशा, खिडक्यांचे प्रमाण वगैरे. प्रत्येकीला फक्त तीन पर्याय. तीनचा विसावा घात होतो ३,४८,६७,८४,४०१. एका पर्यायाला एक मिनिट लागले तर सगळे तपासायला ६,६३४ वर्षे लागतील. म्हणून सगळे कोणी तपासत नाही, हुशारीने निवडून काही हजार तपासतात. त्यासाठी वेग हवा. सहा तास चालणारे मॉडेल दहा तासांच्या रात्रीत एकदाच पूर्ण होते. सहा सेकंदांत चालणारे तेवढ्याच वेळात सहा हजार उत्तरे देते.

अशा हिशेबाने काय साधते, हे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने दाखवले. १९३१ मध्ये उघडलेली, १०२ मजल्यांची, ६,५१४ खिडक्यांची ही इमारत. तिच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘ईक्वेस्ट’ या प्रणालीत तिचे ऊर्जा-मॉडेल उभारले गेले. साठहून अधिक कल्पना तपासल्या गेल्या आणि त्यातून आठ निवडल्या गेल्या. खिडक्या फेकून न देता इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर तात्पुरता कारखाना थाटून त्या दुरुस्त केल्या, आणि जुन्या काचा-चौकटींपैकी ९६ टक्के साहित्य पुन्हा वापरले. रेडिएटरमागे इन्सुलेशन आले, दिव्यांची वीज घटली. या सगळ्यांचा एकत्र परिणाम मॉडेलने दाखवला. थंड करण्याचा भार १,६०० टनांनी, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने उतरणार होता. त्यामुळे अवाढव्य चिलर बदलण्याऐवजी आहेत तेच सुधारून भागणार होते. खिडकीचा खर्च चिलरमध्ये भरून निघतो, हे दोन वेगळ्या ठेकेदारांच्या दोन वेगळ्या अंदाजपत्रकांत कधीच दिसले नसते. ऊर्जेचा वापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे आणि वर्षाला ४४ लाख डॉलर वाचवण्याचे उद्दिष्ट या मॉडेलवर उभे राहिले.

एक इमारत, एक शहर, एक देश

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथल्या ‘टायटन’ या महासंगणकावर एनर्जीप्लसची ५,२४,२८८ सिम्युलेशन एका दमात चालवली गेली. १,३१,०७२ प्रोसेसर, ६८ मिनिटे आणि ४५ टेराबाइट माहिती. एकाच प्रोसेसरवर हे काम सोपवले असते तर सतरा वर्षे लागली असती.

त्याच राज्यातील चॅटनूगा शहराच्या वीज कंपनीसोबत या प्रयोगशाळेने १ लाख ७८ हजारांहून अधिक इमारतींची मॉडेल तयार केली. तिथले वीज मीटर दर पंधरा मिनिटांनी नोंद घेतात. इमारतीमागे वर्षाला ३५,०४० नोंदी आणि शहरभराच्या मिळून ६२३ कोटींहून अधिक. मॉडेलचे उत्तर खऱ्या मीटरशी ताडून पाहायला इतका पुरावा सहसा मिळत नाही.

पुढची पायरी होती संपूर्ण देश. ‘मॉडेल अमेरिका’ या उपक्रमात प्रयोगशाळेने १२ कोटी २९ लाख इमारतींची ऊर्जा-मॉडेल तयार करून ती खुली केली. इमारतीला मिनिट धरले तर एका संगणकाला २३४ वर्षांचे काम. प्रत्येकीचा तासातासाचा वर्षभराचा आकडा लिहायचा तर एक लाख कोटींहून अधिक आकडे होतात. इथे अडचण उलटी होती. हँडलचे पाच हजार त्रिकोण तर नव्हतेच, साधा नकाशाही नव्हता. होती ती छायाचित्रांतून मिळालेली पायाची रूपरेषा, उंची, वापराचा प्रकार आणि बांधकामाचा काळ. त्या रूपरेषेला उंची देऊन पेटी उभी करायची आणि त्या काळातल्या तशा इमारतीचे सर्वसाधारण गुणधर्म तिला द्यायचे. आर्किटेक्टचे मॉडेल सोपे करणारा आणि रूपरेषेतून मॉडेल उभे करणारा, दोघे दोन टोकांकडून निघतात आणि जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात. दोघांच्या हाती शेवटी काही पृष्ठभाग, त्यांच्या दिशा, त्यांचे गुणधर्म आणि ८,७६० तास उरतात.

दर सेकंदाला १८२ चौरस मीटर

इमारतींविषयीच्या २०१७ च्या जागतिक अहवालात अंदाज होता की पुढच्या चाळीस वर्षांत जगात २३० अब्ज चौरस मीटर नवे बांधकाम होईल. दर आठवड्याला एक पॅरिस शहर. भागाकार केला तर दर सेकंदाला १८२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,९६० चौरस फूट. दिवसरात्र, चाळीस वर्षे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये मांडले की जगातल्या १६० कोटी एसींचे २०५० पर्यंत ५६० कोटी होतील, आणि त्यासाठी तीस वर्षे दर सेकंदाला दहा नवे एसी विकले जातील. भारत सरकारच्या २०१९ च्या कूलिंग कृती आराखड्यानुसार आपली थंडाव्याची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत आठपट होणार आहे. या अंदाजांतला मोठा वाटा आपल्यासारख्या उष्ण देशांचा आहे, आणि मोसमी दमटपणात राहणाऱ्या कोकण किनाऱ्याला तो थेट लागू होतो.

एवढ्या इमारतींसाठी प्रत्येक वेळी ५२,५६० पायऱ्यांचा हिशेब करणे शक्य नसते. म्हणून ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात गच्ची सोडून इमारतीच्या बाह्य आवरणाचे सगळे रूप एका आकड्यात आणले आहे. भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट शिरणारे ऊन, या तिघांची बेरीज आवरणाच्या क्षेत्रफळाने भागायची. थंड प्रदेश सोडून सर्वत्र हा आकडा चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळही घराच्या चटई क्षेत्राच्या किमान एक षष्ठांश हवे. कागद, पेन्सिल आणि गणकयंत्र घेऊन हे तपासता येते. सोपे करण्याच्या या साखळीची अखेरची कडी तीच आहे.

आपल्याकडे अडचण वेळेची आहे. इमारत कोणत्या दिशेला तोंड करून बसेल, काच किती आणि कुठे, छज्जा किती बाहेर, हे निर्णय पहिल्या काही आठवड्यांत होतात. तेव्हा मॉडेल म्हणजे काही ठोकळे असतात. ते ऊर्जेच्या हिशेबात न्यायला एक दुपार पुरते. पण विश्लेषण बहुधा मागितले जाते ते शेवटी, प्रमाणपत्रासाठी. तोवर हँडल, नळ, बिजागऱ्या सगळे मॉडेलमध्ये भरलेले असते, रूपांतराला कित्येक आठवडे जातात आणि उत्तर हाती येते तेव्हा बदलण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. साठ वर्षे उभी राहणारी इमारत ५,२५,६०० तास हवामान झेलते. त्या प्रत्येक तासाचे वीजबिल आराखड्याच्या पहिल्या महिन्यात ठरलेले असते.

म्हणून ठोकळ्यांच्या टप्प्यावरच ऊर्जेचे मॉडेल मागायला हवे. बिल्डरने ते आर्किटेक्टकडे मागावे, पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीने बिल्डरकडे मागावे आणि पालिकेने परवानगीच्या अर्जासोबत मागावे. फ्लॅट घेणाऱ्याने चटई क्षेत्र आणि दर विचारतो तसा आवरणाचा हा आकडाही विचारावा: पंधराच्या आत आहे की बाहेर? हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत, आणि त्याचे उत्तर पुढची साठ वर्षे दर महिन्याच्या बिलावर छापून येते.